भागीदार की कार्यान्वयन यंत्रणा?



आयोजकांनी मला विषय कळवला तो असा: ‘विकासकार्यात खासगी क्षेत्राशी भागीदारी करण्यासाठी नागरी समाजाची क्षमता-बांधणी’. एका दमात म्हणता येऊ नये इतका लांब! मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे एक खोड लागलेली आहे. असं वाक्य समोर आलं की मी आधी विचारतो, यातला कर्ता कोण? बांधणारा कोण आणि ज्याची बांधणी करायची तो कोण? या वाक्यात क्षमता कमी आहे ती नागरी समाजाची, म्हणजे संस्था-संघटनांची, हे गृहीत धरलेलं आहे. कंपन्यांकडे भागीदारीची क्षमता आहेच. ती कुणी तपासायची नाही. शिकवणी एकाच बाजूला. आज मला या गृहीतकाबद्दल बोलायचं आहे, आणि ते हवेत बोलायचं नाही. आपल्या देशात या विषयाला कायद्याचं रूप आहे, म्हणून त्या कायद्याचे शब्द धरून बोलू.

२०१३ चा कंपनी कायदा, त्याचं कलम १३५. तुमच्यापैकी संस्थांमध्ये काम करणाऱ्यांना ते पाठ असेल. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिनं आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं. पहिल्या वर्षी देशभरात साधारण १० हजार कोटी रुपये खर्च झाले, २०२२-२३ मध्ये ही रक्कम ३० हजार कोटींच्या घरात गेली. आणि राज्यांमध्ये सगळ्यात मोठा वाटा आपल्या महाराष्ट्राकडे येतो. तेव्हा हा विषय आपल्या अंगणातला आहे.

आता गंमत बघा. व्यासपीठावर, पत्रकात, अहवालाच्या गुळगुळीत पानांवर संस्थांना म्हणतात ‘भागीदार’. नियमांमध्ये काय म्हणतात? ‘कार्यान्वयन यंत्रणा’. म्हणजे ठरवलेलं काम पार पाडणारी. मला विचाराल तर नियम जास्त प्रामाणिक आहेत. काम कोणतं, कुठं, किती पैशांत, हे कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. पैसा मंजूर कामावरच गेला याची खात्री कंपनीचा वित्त अधिकारी देतो. यंत्रणेनं ते करून दाखवायचं. याला मराठीत कंत्राट म्हणतात. कंत्राट वाईट असतं असं नाही. रस्ता, इमारत, पाण्याची टाकी कंत्राटानं होते आणि चांगली होऊ शकते. पण कंत्राटाला भागीदारी म्हटलं की दोन्ही बाजूंना खोटं बोलण्याची सवय लागते.

भागीदारी म्हणजे काय, हे आपल्या देशात १९३२ पासून कायद्यानं सांगून ठेवलेलं आहे. भागीदारी अधिनियमाचं कलम ९ जरूर वाचा. भागीदारांनी सर्वांच्या जास्तीत जास्त हितासाठी धंदा चालवावा, एकमेकांशी न्यायानं आणि निष्ठेनं वागावं, खरा हिशेब आणि पूर्ण माहिती एकमेकांना द्यावी. ‘एकमेकांना’ ही त्यातली गोम. किराणा दुकानातले दोन भागीदारसुद्धा या कलमानं बांधलेले असतात. आता मला सांगा, एखाद्या गावातल्या संस्थेनं कंपनीला कधी विचारलंय का, की बाई गं, तू आमच्या तालुक्यात दोन कोटी खर्च केलेस, त्यातलं जाहिरातीच्या फिल्मवर किती गेलं, सल्लागारावर किती गेलं, आमच्या पोरांपर्यंत किती आलं? आणि विचारलंच, तर पुढच्या वर्षी ती संस्था यादीत असेल का?

यापेक्षा आपली बटई बरी. अर्धेलीनं शेत करण्याच्या पद्धतीत अन्याय कमी नव्हता, त्यासाठी १९४८ मध्ये कूळकायदा आणावा लागला. पण त्या पद्धतीतसुद्धा खळ्यावरची रास दोघांच्या डोळ्यांसमोर मोजली जायची. इथं एकाचीच रास मोजतात, आणि मोजणारा दुसरा असतो.

बरं, मग क्षमता-बांधणी म्हणजे प्रत्यक्षात काय शिकवतात? मी काही वर्षं एका छोट्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर होतो. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवायचं, एवढंच तिचं काम. आई-बाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याकडं निघतात, मुलं मागं राहावीत, शाळेत जावीत, म्हणून गावातच त्यांची राहण्या-जेवणाची सोय. एका कंपनीनं मदत देऊ केली. चांगल्या मनानं दिली, त्यात शंका नाही. सोबत संस्थेच्या कार्यकर्त्यांसाठी शहरातल्या हॉटेलात दोन दिवसांची क्षमता-बांधणी कार्यशाळा. तिथं शिकवलं काय, तर तक्ता कसा भरायचा. उद्दिष्ट, निष्पत्ती, परिणाम, निर्देशक. दर तिमाहीला ‘लाभार्थी’ किती, हे संगणकावर चढवायचं.

आता वर्षाची पहिली तिमाही कोणती? एप्रिल ते जून. त्या वेळी तोडणी संपलेली असते, मजूर घरी आलेले असतात, शाळेला सुट्टी असते, वसतिगृह बंद असतं. तक्त्यात शून्य. तो रकाना लाल झाला. ‘तुमची कामगिरी घसरलेली दिसते’ असा मेल आला. आमच्या कार्यकर्त्या बाई पंधरा वर्षं त्या भागात काम करत होत्या. कोणत्या मुकादमाची टोळी कोणत्या कारखान्याला जाते, कोणत्या घरातली मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला म्हणून फडात नेली जाण्याची शक्यता आहे, हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी कळवलं की साहेब, हंगाम दिवाळीला सुरू होतो. उत्तर आलं की प्रणालीत बदल करता येत नाही. मग पुढच्या वर्षी त्या तिमाहीत ‘उन्हाळी शिबिर’ सुरू झालं. गरज मुलांची नव्हती, रकान्याची होती. दोन शिबिरांचा खर्च वसतिगृहातल्या दुधाच्या पैशांतून गेला.

मी विचारतो, या गोष्टीत क्षमता कुणाची कमी होती? ज्या बाईंना अख्खा हंगाम माहीत होता त्यांची, की ज्या प्रणालीला दिवाळी माहीत नव्हती तिची? पण कार्यशाळा झाली ती बाईंची.

‘लाभार्थी’ या शब्दाबद्दलही एक सांगतो. इमॅन्युएल कांटनं अठराव्या शतकात बजावून ठेवलंय की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, त्याला स्वतःचं साध्य असतं. लाभार्थी हा असा माणूस, की ज्याच्या नावावर लाभ चढवला की त्याचं काम संपलं. नागरिक प्रश्न विचारतो, लाभार्थी फोटोत उभा राहतो.

आता नियमांकडे परत येऊ, कारण मला जे सापडलं ते मुद्दाम दाखवायचं आहे. २०१४ च्या मूळ नियमांत एक तरतूद होती. कंपनीनं आपल्या कर्मचाऱ्यांची, आणि तिच्या कार्यान्वयन यंत्रणांचीही, क्षमता वाढवावी. त्यासाठी एकूण खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत रक्कम वापरता येईल. म्हणजे संस्थांची क्षमता हा विषय निदान कागदावर होता. जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले. आता क्षमता-बांधणीचा उल्लेख उरला तो असा की, कंपनी आपल्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या क्षमता-बांधणीसाठी आंतरराष्ट्रीय संघटनांची मदत घेऊ शकते. संस्था त्या वाक्यातून गेल्या. त्याच फेरबदलानंतर संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कमही सामाजिक खर्चात धरता येईनाशी झाली. कायम निधी म्हणजे काय? ज्याच्या व्याजावर संस्था एखादं वर्ष कुणाच्याही मदतीशिवाय तग धरू शकते, म्हणजे ‘नाही’ म्हणू शकते. तीच वाट बंद. आणि परिसंवाद मात्र भरतात संस्थांच्या क्षमता-बांधणीवर! मी याला ढोंग म्हणणार नाही, ढोंगाला निदान योजना लागते. हे नुसतं दुर्लक्ष आहे.

आणखी एक. नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या, सामाजिक खर्चाचा विभाग चालवण्याच्या खर्चावर आहे. संस्थेच्या प्रशासकीय खर्चाला ती लागू नाही, हे मंत्रालयानं २०२१ च्या खुलाशात सांगितलंय. तरीही संस्थेला सांगितलं जातं की तुम्ही पाचच टक्के घ्या, कायदाच आहे. आणि संस्था मान डोलावतात, कारण कायदा वाचायला लागणारा माणूस ठेवण्याचा पगार त्या पाच टक्क्यांत बसत नाही. ज्याला क्षमता नाही म्हणायचं, त्याची क्षमता वाढवणारा खर्च अनावश्यक ठरवायचा. तर्कशास्त्रात याला चक्रक दोष म्हणतात. संस्थेत याला हिशेबनीस सोडून जाणं म्हणतात.

इथं दुसऱ्या बाजूनं बोलणं भाग आहे, नाहीतर तुम्ही म्हणाल सर एकतर्फी बोलतायत. आपल्या चळवळीतल्या मंडळींना कंपनीचं नाव काढलं की विटाळ होतो. ‘नागरी समाज म्हणजे आम्ही शुद्ध, बाजार म्हणजे अशुद्ध’ ही कल्पना तत्त्वज्ञानाच्या इतिहासात टिकत नाही. हेगेलनं १८२१ मध्ये ‘नागरी समाज’ हा शब्द वापरला तो कुटुंब आणि राज्यसंस्था यांच्या मधल्या सगळ्या व्यवहारासाठी, आणि त्यात बाजार, व्यापार, धंदेवाल्यांचे संघ हे सगळं धरलं होतं. गरजा भागवण्याची व्यवस्था म्हणून बाजार त्याच्या नागरी समाजाच्या पोटातच आहे. तेव्हा कंपनी परकी नाही. आणि तिच्या तक्रारीही सगळ्या खोट्या नाहीत. वेळेवर हिशेब न देणाऱ्या, एकाच कामाचे दोघांकडून पैसे घेणाऱ्या, संस्थापकाच्या घराच्या पडवीत चालणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. हिशेब देणं हा नैतिक गुण आहे. तो तक्ता भरण्यापेक्षा जुना आहे. ज्यांना तो जमत नाही त्यांनी कांटचं नाव घेऊ नये.

आणि हो, विश्वस्तवृत्तीचा दाखला देणाऱ्यांना एक आठवण. गांधीजींचा धनिक आपली सगळी संपत्ती समाजाची ठेव मानतो. कलम १३५ मधला धनिक नफ्यातले २ टक्के वेगळे काढतो. उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांबद्दल कुणी बोलायचं?

याच प्रश्नापाशी या विषयातली खरी जोखीम आहे. कायदा म्हणतो, कंपनीनं जिथं तिचं काम चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यावं. ऐकायला अगदी योग्य. कारखान्याच्या आसपासच्या गावांना काही मिळू नये का? पण त्याचा परिणाम कसा होतो बघा. ज्या गावात कारखाना, त्याच गावात पैसा. ज्या संस्थेला त्या गावाची नाडी माहीत, तिच्याचकडे पैसा. उद्या त्या कारखान्याचं सांडपाणी ओढ्यात आलं, विहिरीचं पाणी पिवळं झालं, तर आवाज उठवायला सगळ्यात लायक कोण? तीच संस्था. आणि तिच्या शाळेतल्या शिक्षकांचा पगार कुठून येतो? कुणी धमकी द्यावी लागत नाही. संस्थेतला एखादा समंजस माणूस हळू आवाजात म्हणतो, ‘मार्चपर्यंत थांबू या.’ मार्चनंतर नवीन करार असतो. अ‍ॅरिस्टॉटलनं मैत्रीवर लिहिताना सांगितलंय की उपयोगासाठीच्या मैत्रीत तक्रारी सगळ्यात जास्त होतात. त्याचं खरं आहे, पण ते बरोबरीच्या माणसांपुरतं. जिथं बरोबरी नाही तिथं तक्रारी होतच नाहीत, आणि त्या शांततेला अहवालात ‘उत्तम संबंध’ म्हणतात.

मग खरी क्षमता कोणती? मी दोन जागांची नावं घेतो. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला गेलं. गेले आरोग्यासाठी, लोकांना आधी हवं होतं अन्न आणि पाणी. पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. त्यांनी लोकांचं ऐकलं, पाण्यापासून सुरुवात केली, आणि आरोग्याचं काम सोपवलं ते गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर आणि दलित, बायकांवर. दुसरी जागा गडचिरोली. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांमध्ये घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९३ ला सुरुवात झाली; आधीची दोन वर्षं नोंदी ठेवण्यात, बाळं कशानं दगावतात हे समजून घेण्यात गेली, प्रत्यक्ष उपचार १९९५ पासून. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले तेव्हा नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पुढं हाच धडा देशाच्या आरोग्य कार्यक्रमात गेला. आता ती पहिली दोन वर्षं आजच्या तक्त्यात घाला. लाभार्थी: शून्य. रकाना: लाल. आजच्या नियमांत ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा. १९९३ चा प्रयोग १९९६-९७ मध्ये आवरावा लागला असता, निष्कर्ष हाती येण्याआधी.

या दोन्ही ठिकाणी क्षमता होती ती अशी: लोकांचा प्रश्न लोकांकडून घेण्याची, आणि पैसे देणाऱ्याला ‘थांबा’ म्हणण्याची. ती कार्यशाळेत मिळत नाही. ती येते लोकांशी असलेल्या नात्यातून. आणि इथं मला दीडशे वर्षं मागं जायचंय.

पुण्यात २ एप्रिल १८७० ला सार्वजनिक सभा स्थापन झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींतून ती उभी राहिली. म्हणजे मुळात हिशेबाचाच प्रश्न. तिचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. सभासद व्हायचं असेल तर किमान ५० माणसांचं मुखत्यारपत्र आणायचं. ‘आमच्या वतीनं बोलायला आम्ही याला नेमतो’ अशा सह्या. पहिले ९५ सभासद अशा सुमारे ६,००० लोकांच्या वतीनं आले. जोतीराव फुल्यांनी या सभेवर टीका केली, शेतकरी-शूद्रातिशूद्र यात कुठं आहेत म्हणून, आणि ती रास्त होती. पण टीका करता आली, कारण सभेनं आपण कुणाच्या वतीनं बोलतो हे सांगितलं होतं. सह्या मोजता येत होत्या. कुणाच्या नाहीत, हेही दिसत होतं.

आज संस्थेला विचारतात: नोंदणी आहे? १२ए आहे? ८०जी आहे? तीन वर्षांचा अनुभव आहे? कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा क्रमांक आहे? सगळं असतं. मुखत्यारपत्र कुणी मागत नाही. आणि ज्यांच्याकडे ते खरोखर आहे, म्हणजे गावातला बचत गट, मजुरांची नोंदणी नसलेली संघटना, त्यांच्याकडे हे क्रमांक नसतात, म्हणून ते दाराबाहेर. ज्याच्याकडे कागद आहे त्याच्याकडे माणसं नाहीत, ज्याच्याकडे माणसं आहेत त्याच्याकडे कागद नाही. क्षमता-बांधणी करायचीच असेल तर या दोघांची गाठ घालून देण्याची करा.

फार मोठं काही लागत नाही त्याला. नियम ९ प्रमाणे कंपनीला आपली समिती, धोरण आणि मंडळानं मंजूर केलेले प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. वार्षिक अहवालातही खर्चाचं परिशिष्ट असतं. ते बहुधा इंग्रजीत असतं. गावातला बारावी झालेला मुलगा ते वाचू शकतो. त्यानं ते मराठीत करून ग्रामसभेत वाचून दाखवावं. अमुक कंपनीनं आपल्या गावासाठी इतके रुपये दाखवले आहेत, पोहोचले का? राजस्थानात १९९४ पासून सरकारी कामांची बिलं जनसुनवाईत अशीच मोठ्यानं वाचली गेली. मजुरांनी सांगितलं, या हजेरीपटावरचा माणूस तर केव्हाच वारलाय. त्या वाचनातून माहितीच्या अधिकाराची मागणी पुढं आली. सरकारच्या बिलाला जे चालतं ते कंपनीच्या प्रकल्पाला का चालू नये? आणि संस्थेचा स्वतःचा हिशेबही त्याच सभेत वाचायचा. आधी संस्थेचा, मग कंपनीचा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. वेळ थोडा आहे.

प्रश्न: सर, आमच्या संस्थेचा बहुतेक सगळा निधी एकाच कंपनीकडून येतो. तुम्ही म्हणता ‘नाही’ म्हणा. उद्या शाळा बंद पडली तर मुलांचं काय?

उत्तर: मी उद्या ‘नाही’ म्हणा असं सांगत नाहीये. शाळा चालू ठेवा. पण पुढचा करार करताना तीन वाक्यं मागून बघा. एक, तिमाही आमच्या कामाच्या हंगामाप्रमाणे धरायची. दोन, आमचा प्रशासकीय खर्च जो खरा आहे तो धरायचा. त्यासाठी मंत्रालयाचा २०२१ चा खुलासा छापून सोबत न्या, बऱ्याच अधिकाऱ्यांनी तो वाचलेला नसतो आणि वाचल्यावर ते ऐकतात, हा माझा अनुभव आहे. तीन, कंपनीच्या कारभाराबद्दल गावानं काही प्रश्न उपस्थित केला तर संस्थेनं तो मांडणं हा कराराचा भंग समजला जाणार नाही. पहिली दोन बहुधा मिळतील. तिसऱ्याला ते काय म्हणतात ते मला कळवा.

प्रश्न: आणि तिसरं नाहीच मिळालं तर?

उत्तर: तर ते पत्र पालकसभेत वाचून दाखवा, आणि पालकांना विचारा की सही करायची का. शाळा त्यांच्या मुलांची आहे.